तुम्ही विचारलंत म्हणून: लंडनच्या लायब्ररीत ‘आपलं’ काय आहे?

मे महिना लागला की फोन सुरू होतात. कुणाची भाची, कुणाचे व्याही, शाळेतल्या मैत्रिणींचा अख्खा ग्रुप. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम राजवाडा आणि मेणाचे पुतळे हे ठरलेलंच असतं. त्यात मी ब्रिटिश लायब्ररी घुसवायला बघते आणि पलीकडून हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, ‘अगं, लायब्ररीत बघायचं काय?’ दुसरा जरा आवाज खाली आणून, ‘आणि आपलं काही आहे का तिथे?’ दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. इमारत युस्टन रोडवर, किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस स्टेशनांच्या अगदी शेजारी. आत जायला आणि कायमचं प्रदर्शन बघायला पैसे पडत नाहीत. दोन तास हाताशी असले की झालं. बाहेरून बघून मात्र हिरमोड करून घेऊ नका. शेजारी सेंट पँक्रसचं कळस-मनोऱ्यांचं हॉटेल आणि त्याला लागून ही लाल विटांची बसकी, लांबलचक इमारत. कॉलिन सेंट जॉन विल्सन या वास्तुविशारदाने साठच्या दशकात हे काम हातात घेतलं आणि वाचकांना दारं उघडली १९९७ मध्ये. दरम्यान जागा बदलली, पैसे आटले, सरकारं आली-गेली. तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी इमारतीला चारचौघांत नावं ठेवली होती. पुढे २०१५ मध्ये तीच इमारत पहिल्या श्रेणीच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत जाऊन बसली. माझ्या मते बाहेरून बघताना चार्ल्स यांचं बरोबर आहे आणि आत शिरल्यावर विल्सनचं.

पटांगणात शिल्पकार एदुआर्दो पाओलोझ्झीने घडवलेला प्रचंड न्यूटन कर्कटक घेऊन वाकून बसलाय. फोटो तिथेच काढून घ्या. आत गेल्यावर समोरच सहा मजली काचेचा मनोरा दिसतो आणि त्यात खालपासून वरपर्यंत चामडी बांधणीची पुस्तकं. तिसऱ्या जॉर्ज राजाचा हा संग्रह, सुमारे ६५,००० खंड. त्याच्या मुलाने तो १८२३ मध्ये राष्ट्राला देऊन टाकला. पाहुण्यांना वाटतं ही सजावट आहे. तसं नाही, वाचकाने मागितलं तर यातलं पुस्तक काढून देतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी कॅफे आहे आणि तिथे पोरं दिवसभर एका कॉफीवर लॅपटॉप उघडून बसलेली असतात. आपल्याकडच्या अभ्यासिकेत जागा धरायला जी धडपड चालते तीच इथे, फक्त रुमालाऐवजी कोट टाकून.

आता प्रदर्शन. त्या दालनाचं नाव सर जॉन रिटब्लॅट गॅलरी. आत मुद्दाम अंधुक ठेवलंय, कारण उजेडाने शाई आणि रंग उडतात. डोळे सरावायला दोन-चार मिनिटं द्या. सगळं बघायला जाऊ नका, पाय दुखतील आणि लक्षात काहीच राहणार नाही. शिवाय आज मांडलेली वस्तू पुढच्या खेपेला असेलच असं नाही. नाजूक कागदांना आळीपाळीने विश्रांती देतात, पानंही बदलतात. त्यामुळे अमुक एक वस्तू बघायला म्हणून लंडन गाठणार असाल तर आधी चौकशी करा.

१२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजावर बंधनं घालणाऱ्या सनदेच्या, चार प्रती आज उरल्या आहेत, त्यांतल्या दोन या लायब्ररीच्या. एक प्रत १७३१ च्या आगीत होरपळली आणि पुढच्या शतकात दुरुस्तीच्या नादात तिचं उरलंसुरलं अक्षरही गेलं. मला ती जळकी प्रत जास्त जवळची वाटते. आगीपेक्षा दुरुस्तीने जास्त नुकसान केलेल्या गोष्टी आपण काय कमी पाहिल्यात! चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल, कोडेक्स सिनायटिकस, १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने विकायला काढलं, तेव्हा ब्रिटनने एक लाख पौंड मोजले आणि त्यासाठी लोकवर्गणीही काढली. लिओनार्दोची वही आहे, उलट्या अक्षरांतली. वाढदिवसाच्या कार्डाच्या मागे खरडलेलं बीटल्सचं गाणं आहे आणि गर्दी अर्थातच तिथे असते. आमच्याकडच्या पाहुण्यांचीसुद्धा.

इथेच एक गोष्ट खटकते. चित्र किंवा मूर्ती पुढ्यात असली की ती सगळीच्या सगळी दिसते. पुस्तक काचेआड ठेवलं की त्याची दोनच पानं दिसतात. पाचशे पानांचा ग्रंथ असला तरी आज क्युरेटरने जिथे उघडला तिथेच तुम्ही थांबायचं. तिकीट असलेली मोठी प्रदर्शनंही होतात, त्यांची मांडणी फार देखणी असते, मी बऱ्याच जणांना घेऊन गेलेय. २०२४ मध्ये चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहांमधल्या पोथ्यांचं प्रदर्शन होतं. त्यात वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथाची इसवी सन ८६८ ची छापील गुंडाळी होती. तारीख छापलेलं हे जगातलं सर्वांत जुनं पूर्ण छापील पुस्तक मानतात. विषय आवडीचा असेल तर अशा तिकिटाचे पैसे जरूर द्या, नसेल तर फुकटचं दालन भरपूर आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. तुम्ही दालनातून फिरता, कुराणाच्या सोनेरी प्रती बघता, कधी एखादी संस्कृत पोथी दिसते, पण मराठी बहुतेक दिसत नाही. बाहेर येऊन लोक मला म्हणतात, ‘म्हणजे आपलं काही नाहीच.’ आहे. फार आहे. फक्त ते काचेत नाही, तळघरात आहे.

तिथे ते पोचलं कसं, हे ऐकण्यासारखं आहे. १८६७ मध्ये ब्रिटिश सरकारने छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. मुंबई इलाख्यात जे काही छापून होईल त्याच्या प्रती सरकारजमा करायच्या. त्यावरून दर तीन महिन्यांनी यादी निघायची. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, छापखाना, पानं, किंमत, इतकंच नव्हे तर किती प्रती छापल्या तेसुद्धा त्या यादीत असायचं. लोकांवर नजर ठेवायची हाही त्यातला एक हेतू. पण त्याच याद्यांवरून लंडनसाठी पुस्तकं निवडली जायची, आणि म्हणून आरत्यांची चोपडी, लावण्यांचा गुच्छ, शाळेचं अंकगणित, पाककृती, नाटकं असला ऐवज सातासमुद्रापलीकडे जाऊन पडला. पुण्या-मुंबईत ज्याची रद्दी झाली ते तिथे टिकलं, आणि तेही कुणाला फार मोलाचं वाटलं म्हणून नव्हे. कारकुनाने पावती केली, शिक्का मारला आणि फळीवर ठेवलं म्हणून. त्याही आधीची, शिळाप्रेसवर छापलेली पुस्तकं आहेत. ब्लुमहार्ट नावाच्या गृहस्थाने ब्रिटिश म्युझियममधल्या (तिथलं ग्रंथालय पुढे ब्रिटिश लायब्ररीत आलं) मराठी-गुजराती छापील पुस्तकांची सूची १८९२ मध्ये प्रसिद्ध केली. अजूनही ती उपयोगी पडते.

सरकारने जप्त केलेली पुस्तकं आणि पत्रकं ही आणखी एक गंमत. हिंदुस्थानात जवळ बाळगली तर तुरुंग, आणि लंडनला त्यांची एकेक प्रत व्यवस्थित क्रमांक घालून ठेवलेली. बंदी घालणाऱ्यांनीच ती जपली.

कागदपत्रांचं तर विचारू नका. ईस्ट इंडिया कंपनी आणि पुढे लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार बघणारं सरकारी खातं, इंडिया ऑफिस, यांची दप्तरं १६०० पासूनची, सुमारे १४ किलोमीटर फळ्या भरतील इतकी. सुरत आणि मुंबईच्या वखारींची पत्रं त्यातच. १६७४ मध्ये हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हजर होता, त्याचा वृत्तान्त कंपनीच्या अशाच कागदांमुळे आपल्याला ठाऊक झाला. पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील, म्हणून आलेला चार्ल्स मॅलेट आणि पेशवाईचा शेवट घडवणारा एल्फिन्स्टन यांचे खासगी कागदही इथेच.

लंडनला येणारी आपली बरीच माणसं किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर बघायला जातात. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. लायब्ररीपासून ते फार लांब नाही, एका दिवसात दोन्ही होतं. १९२०-२२ च्या काळात बाबासाहेब त्या भागात राहून ब्रिटिश म्युझियमच्या आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयांत तासन्‌तास वाचत बसत. ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय १९७३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत आलं, इंडिया ऑफिसचं १९८२ मध्ये. म्हणजे ज्या दोन संग्रहांवर ते रोज बसत होते ते आज एकाच छपराखाली आहेत. घर बघून आलेल्या माणसाने इकडे फिरकूच नये, याचं मला जरा वाईट वाटतं.

२०२४ मध्ये लंडनहून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली तेव्हापासून आणखी एक प्रश्न जोडला गेलाय, ‘मग हे सगळं परत नको का यायला?’ मला वाटतं, वस्तूगणिक उत्तर वेगळं आहे. कंपनीची पत्रं कंपनीचीच. छापील पुस्तकं कायद्याने, टपालाने आलेली. मेवाडचं सचित्र रामायण घ्या. महाराणा जगतसिंहाने सतराव्या शतकाच्या मध्याला करवून घेतलेलं, चारशेहून जास्त चित्रांचं. त्यातले काही खंड महाराणा भीमसिंहाने कंपनीचा अधिकारी जेम्स टॉड याला भेट दिले आणि फिरत फिरत ते १८४४ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आले. काही भाग मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात राहिला. २०१४ मध्ये दोन्हींकडची पानं संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं ते योग्यच, पण ऑनलाइन सूचीच जानेवारी २०२४ पर्यंत बंद होती आणि डिजिटल पोथ्या त्यानंतरही कितीतरी महिने दिसत नव्हत्या. तेव्हापासून ‘स्कॅन केलंय ना, मग झालं’ असं कुणी म्हणालं की मी गप्प बसत नाही.

तेव्हा अर्धा दिवस जास्तीचा असेल तर वाचकाचा पास काढाच. तो फुकट मिळतो. सहीचा एक आणि घरच्या पत्त्याचा एक असे मूळ पुरावे लागतात. कोणते चालतात ते निघायच्या आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा, कारण झेरॉक्स दाखवून तिथे काम होत नाही. आशिया-आफ्रिकेचं वाचनदालन तिसऱ्या मजल्यावर आहे. कोट आणि बॅगा खाली कपाटात, हातात पारदर्शक पिशवी, पेनला बंदी, फक्त पेन्सिल. पुस्तक फोमच्या उतरत्या उशीवर ठेवून देतात, पानं दाबायला मण्यांची वजनदार दोरी. पांढरे हातमोजे फक्त सिनेमात, इथे स्वच्छ कोरडे हात पुरतात.

मागवायचं काय? ज्ञानेश्वरी मागवू नका, ती घरी आहे. आपल्या गावाचं नाव घालून शोधा, नाहीतर आजोबा-पणजोबांनी कधी काही छापलं असेल तर त्यांचं. रोमन स्पेलिंग आपल्या सवयीचं नसतं एवढं लक्षात ठेवा. ‘ज्ञ’ आपण ‘डीएन’ने लिहितो, सूचीत तो ‘जेएन’ने आहे. माझ्या बहिणीचे दीर पास काढायला कुरकुरत आले होते. कोकणातल्या आपल्या तालुक्याच्या छापखान्यातलं शंभर वर्षांपूर्वीचं चोपडं हातात आल्यावर दुपारच्या जेवणाला उठेनात.

काही पुस्तकं यॉर्कशरच्या गोदामातून येतात, म्हणून मागणी दोन-तीन दिवस आधी नोंदवा. रविवारी जाऊ नका, गॅलरी उघडी असली तरी वाचनदालनं बंद असतात. आणि पेन्सिल घरूनच न्या. खालच्या दुकानात मिळते, पण तिथल्या भावात आपल्याकडे डझनभर येतील.