मिसेस ग्रोसला काहीच दिसत नाही

"ड्रॅक्युला जरूर न्या, पण या पुस्तकातल्या घरकारभारीण मिसेस ग्रोसला तळ्याकाठी काहीच दिसत नाही, एवढे लक्षात ठेवा," असे म्हणत वाचनालयातल्या वृद्ध बाईंनी आज माझ्या हातात हेन्री जेम्स यांची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ठेवली.

न्यू जर्सीतल्या आमच्या वाचनालयात ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन या भुताखेतांच्या सणासाठी वेगळे टेबल मांडले आहे. १८१८ ची 'फ्रँकेन्स्टाइन' घ्यावी की १८९७ ची 'ड्रॅक्युला', या विचारात मी बराच वेळ उभी होते. १८९८ ची ही सडपातळ कादंबरी नजरेतून सुटलीच होती.

घरी येऊन आधी तोच प्रसंग काढला. तळ्यापलीकडे आधीची, आता मृत शिक्षिका मिस जेसल उभी असल्याचे गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना सांभाळणारी नवी शिक्षिका, बोट दाखवून सांगते आणि शेजारची मिसेस ग्रोस निरखून पाहते, पण तिला तिथे कोणीच दिसत नाही. तिच्याकडे सोपवलेली लहानगी फ्लोरा तर तिकडे वळूनही पाहत नाही.

चहा निवून गेला तरी मी त्याच पानावर होते. भूत खरे असेल तर मुले संकटात आहेत. आणि ते खरे नसेल, तर ती ज्या बाईच्या हवाली केली आहेत तिच्यामुळेच संकटात आहेत, आणि ही दुसरी शक्यता मला कितीतरी अधिक भयंकर वाटली.

होरेस वॉलपोल यांच्या १७६४ च्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून आपण गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूंतल्या गूढ-भयाच्या कादंबरीत किल्ले आणि भुयारे शोधत आलो आहोत. मला मात्र या वर्षी हे दिवसाउजेडीचे तळेच पुरेसे आहे.

३१ ऑक्टोबरच्या रात्री तुमच्या उशाशी कोणते पुस्तक असेल?