तुकडा कमी पडला म्हणून

आज दिवसभर गोधडी घेऊन बसले होते. कागदावर नक्षी व्यवस्थित आखलेली, आणि तिसऱ्याच ओळीला निळं कापड संपलं! जाम चिडचिड झाली. शेवटी जुन्या सदऱ्याची बाही उसवून लावली. आता तोच कोपरा सगळ्यात देखणा दिसतोय.

मग अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड गावच्या बायका आठवल्या. शेतात घालून विटलेल्या पँटी फाडून त्या गोधड्या शिवायच्या. खिसा उसवला की त्याखाली न विटलेला गडद चौकोन निघायचा, तो तसाच ठेवायच्या. झाली नक्षी! २००२ साली त्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, तेव्हा बघणाऱ्यांना त्यात आधुनिक अमूर्त चित्रं दिसली. (शिवणारीला आधी थंडी दिसली असणार.)

पण माझा जीव अडकलाय हॅरिएट पॉवर्समध्ये. जन्म १८३७ चा, अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातला, गुलामगिरीतला. तिने आपल्या गोधड्यांवर बायबलमधल्या गोष्टी तर शिवल्याच, शिवाय १८३३ चा उल्कावर्षावही शिवला. म्हणजे तिच्या जन्माआधीचा! कुणाकडून तरी ऐकलेलं आभाळ तिने कापडाच्या तुकड्यांतून उतरवलं. त्यातली पहिली, बायबलच्या गोष्टींची गोधडी पुढे तंगीपायी ५ डॉलरला विकावी लागली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मी अजून चौथ्या ओळीवरच. धावदोरा वाकडा जातोय, अंगुस्तान सापडत नाहीये, आणि आता पिवळंही संपत आलंय.