तुम्ही विचारलंत म्हणून: मंदीच्या वर्षी नाटकाचा पेंडाल कसा भरतो?

धानाला भाव नाही, डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, अशा वर्षीही तुमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकांना गर्दी कशी होते, असे शहरातील परिचित मला नेहमी विचारतात. दुःख विसरायला माणसे करमणुकीकडे धावतात, हे उत्तरही त्यांनी बहुधा आधीच ठरवलेले असते. मला ते पटत नाही. त्या उत्तरासाठी ते १९३० च्या दशकातील जागतिक मंदीतल्या अमेरिकन चित्रपटगृहांचा दाखला देतात. प्रत्यक्षात मंदी तीव्र झाली तेव्हा तेथील प्रेक्षक घटले, १९३३ मध्ये पॅरामाउंटसारखी बलाढ्य कंपनी दिवाळखोरीत गेली आणि एका तिकिटात दोन चित्रपट, तिकिटावर चिनी मातीची भांडी, रोख बक्षिसांची सोडत अशी आमिषे दाखवून मालकांना खुर्च्या भराव्या लागल्या. खिसा रिकामा असला की दुःखी माणूसही घरीच बसतो.

आमच्याकडे तो बसत नाही, याचे कारण व्यवहारात आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर धान निघते, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री नाटक असते. गावातील मंडळ नाटक कंपन्यांची कार्यालये असलेल्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊन कंपनीची तारीख घेते, इसार देते आणि ठरलेल्या रकमेत प्रयोग घेते. तिकीटविक्रीतला नफा-तोटा मग मंडळाचा. पेंडाल रिकामा राहिला तर खड्डा गावालाच पडणार, हे ठाऊक असल्यामुळे घरटी तिकीट वर्गणीसारखे निघते. शिवाय मंडईला लेकी-जावई येतात, सोयरे येतात, त्याच गर्दीत उपवर मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणीही निघतात. आलेल्या पाहुण्याला नाटक न दाखवता परत पाठवणे कोणत्याच घराला शोभत नाही. हा खर्च लोक करमणुकीत धरतच नाहीत, पाहुणचारात धरतात; आणि पाहुणचारात काटकसर करणे आमच्या लोकांना, चांगले म्हणा की वाईट, अजून जमलेले नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी जाहीर झाली तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती आणि हंगाम तोंडावर होता. आमच्या गावात त्या वर्षी ओळखीवर उधारीने तिकिटे गेली आणि एरवी खुर्चीचे तिकीट काढणारे मुकाट्याने स्वस्तातल्या तिकिटावर खाली जमिनीवर बसले. त्यामुळे नुसती गर्दी पाहणाऱ्याला मंदी कळतच नाही. ती तिकिटाच्या दर्जात दिसते, मग मंडळाच्या वहीत, आणि शेवटी ‘नाइट’वर, म्हणजे दर प्रयोगाच्या ठरलेल्या पैशांवर, काम करणाऱ्या कलावंताच्या पाकिटात. ‘मंदीतही कला तगली’ असे कौतुकाने लिहिणाऱ्यांनी ते पाकीट कधी पाहिलेले नसते. हेच कलावंत पावसाळ्यात बहुधा स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी करतात, म्हणून धानाचा भाव पडला की त्यांना तो दोन्हीकडून लागतो. त्या हंगामाची उधारी आमच्या मंडळाला पुढच्या धानावर वसूल करावी लागली, आणि ती पुरती वसूल होण्याआधीच मंडळाची पोरे नव्या तारखेसाठी वडशाला जाऊन आली होती.