पाठीवरची कोरी जागा

अक्का पहिल्यांदा आल्या त्या खाज घेऊन. तळहात, तळपाय, रात्री जास्त. तीस वर्षं विड्या वळणारी बाई. मी तंबाखूवर खापर फोडलं, मलम दिलं आणि चार दिवस विड्या वळायचं सूप बाजूला ठेवायला सांगितलं. साधी लिव्हरची तपासणीही केली नाही. चूक माझीच.

वर्षाने परत आल्या तेव्हा डोळे पिवळे. पाठभर ओरखडे, काळे व्रण. मधोमध मात्र फुलपाखराच्या आकाराची जागा कोरी. तिथं हात पोचत नव्हता. म्हणजे कातडीचा दोष नव्हताच, खाज आतून येत होती.

रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे पित्त अडलं की वाढणारं एन्झाइम, चौपट. या आजाराची खूण असलेली एएमए ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. आजाराचं नाव प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस. शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका पोखरते. दहात नऊ रुग्ण बायका. २०१५ पर्यंत नावात ‘सिऱ्होसिस’ होतं, म्हणजे लिव्हर निबर होणं. लिव्हर म्हटलं की आपल्याकडं पहिली शंका दारूची. जावेनं ती बोलूनही दाखवली.

या आजारावरच्या उर्सोच्या गोळ्या सुरू केल्या, पण उशीर झाला होता. पुढं पोटात पाणी झालं, रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, आठवर गेलं. त्या दुपारी, बाहेर सोलापूरचं ऊन रणरणत असताना, मी लिव्हर बदलायचा विषय काढला.

“खाज जाईल का?” अक्कांनी एवढंच विचारलं.

जाईल, म्हटलं. गोळ्या मात्र जन्मभर, आणि नव्या लिव्हरमध्येही हा आजार काहींना परत होतो.

“मग मेलेल्या माणसाचं घ्या की ओ. लेकाचं नको.”

मेलेल्या माणसाच्या लिव्हरसाठी थांबणाऱ्यांच्या यादीत नंबर मेल्ड स्कोअरवर, म्हणजे आजार किती गंभीर याच्या गुणांवर लागतो. ते गुण मुख्यतः रक्ततपासणीचे: बिलिरुबिन, किडनीसाठी क्रिएटिनिन, रक्त गोठण्यासाठी आयएनआर. दोन वर्षं रात्र रात्र जागलेल्या बाईच्या खाजेला त्यात एकही गुण नाही. हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी राहिला लेकच. तो टॉवेलच्या मागावर कामाला. त्याला कागदावर लिव्हर काढून दाखवलं. उजवा भाग काढतात, उरलेला काही आठवड्यांत बराचसा वाढतो. धोका असतो, तोही सांगितला. कागद घडी करून खिशात घालत त्यानं विचारलं, “खाडा किती दिवस?”

“तीन महिने धर. जड उचलायचं नाही.”

“मालकाशी बोलतो.”

ऑपरेशन पुण्यात झालं. बाराव्या दिवशी लेकाच्या फोनवरून अक्का बोलल्या. टाके दुखतात, तिथलं जेवण अळणी, भाकरी मिळत नाही, अशी मोठी यादी वाचली. खाजेचं नावच नाही. शेवटी मीच विचारलं.

“अय्यो, ते विसरलेच की,” म्हणाल्या.