जिप्सीचं इंजिन: बोअर करायचं की किंगचं बसवायचं?

आमची मारुती जिप्सी १९९५ची. जुनी एमजी ४१०, ९७० सीसी, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. नवी असताना कागदावर ४५ हॉर्सपॉवर. गगनबावड्याच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे, तिथल्या पावसात दुसरी कुठली गाडी नेण्यात अर्थ नाही, म्हणून ही टिकली. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र ती पेट्रोलइतकंच ऑइल प्यायला लागली होती. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

धुराचे दोन प्रकार होते. करूळ घाट गिअरमध्ये उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की मागून निळा लोट यायचा, ही व्हॉल्व सीलची खूण. घाट चढताना मात्र निळा धूर सतत यायचा, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. माझ्या गाडीला दोन्ही होतं. त्यातच नोव्हेंबर २०२५ला आरसीची मुदत संपत होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी ऑगस्टमध्येच पाच हजारांवरून दहा हजारांवर गेली होती. शिवाय पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून धूर ओकणारी गाडी पास करून घेण्यात काही हशील नव्हतं. आधी इंजिनाचं काय ते ठरवायला हवं होतं.

मित्रांचा सल्ला एकमुखी होता: किंगचं इंजिन टाक. १९९६ला आलेल्या जिप्सी किंगला १२९८ सीसीचं जी१३ इंजिन होतं, सुरुवातीला ६० हॉर्सपॉवर, पुढे २०००च्या सुमारास सोळा व्हॉल्व आणि इंजेक्शन येऊन ८०. ४५ वरून ८० म्हणजे जवळपास दुप्पट. ऑफरोडवाल्या मंडळींच्या गाड्यांत हा बदल सर्रास दिसतो. एकाने तर छोटं टर्बो डिझेल बसवायचं सुचवलं. ते मी ऐकून सोडून दिलं. इंधनच बदललं की कागदांचा विषय वेगळ्याच पातळीवर जातो.

तिसरा मार्ग होता आहे तेच इंजिन ‘तयार’ करण्याचा. मोठा कार्ब्युरेटर, फ्री-फ्लो सायलेन्सर, हेडला फेस मारून कॉम्प्रेशन वाढवायचं, वगैरे. माझ्या मते झिजलेल्या इंजिनावर हे करणं म्हणजे पाझरणाऱ्या टाकीला मोठा पंप लावणं. सिलिंडरमध्ये दाब धरलाच जात नसेल, तर आत जास्त मिश्रण ढकलून काय मिळणार?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी जाते त्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो. मामांनी कुणाचंच ऐकून घेतलं नाही. म्हणाले, “आधी मापं घिऊया, मग गप्पा मारा.” इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला गेज लावलं. पहिला १४०, दुसरा १३५, तिसरा ९०, चौथा १३०. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर १२५. ऑइलने दाब वाढला याचा अर्थ गळती रिंग आणि बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या भिंतीच्या) बाजूने आहे, व्हॉल्वमधून नाही. व्हॉल्व जळला असता तर ऑइल टाकून काटा जागचा हलला नसता. ही पाच मिनिटांची चाचणी करून न घेता इंजिन बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

दरम्यान मी किंगच्या इंजिनाचा शोधही चालू ठेवला होता. शोधताना कळलं की नुसतं इंजिन घेऊन भागत नाही. जुन्या ९७० सीसीच्या इंजिनाची बेलहाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच) जी१३ला बसत नाही, त्यामुळे पाच गिअरचा गिअरबॉक्सही सोबत घ्यावा लागतो. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा असतो आणि दोघांना एक छोटा शाफ्ट जोडतो. गिअरबॉक्स बदलला की त्या शाफ्टचं माप, माउंटिंग, सायलेन्सरचं तोंड, रेडिएटर, सगळंच हलतं. इंजेक्शनचं इंजिन असेल तर वायरिंग, ईसीयू (इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर), टाकीतला पंप हेही आलं. आणि ८० हॉर्सपॉवर झाले की १९९५चे ब्रेक पुरणार का, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. एस्टीमचं इंजिन त्याच घराण्यातलं, स्वस्तात मिळतं, पण ते आडवं बसवलेलं. आपल्याला उभं बसवायचं असतं. तिथेही कामं निघतातच.

एका जुन्या इंजिनवाल्याकडे मला हवं तसं इंजिन दिसलं. बाहेरून स्वच्छ धुतलेलं, गिअरबॉक्ससकट ८५ हजार. मी खाली बसून टॉर्च मारली. ब्लॉकवर जिथे इंजिन नंबर असतो ती जागा आजूबाजूच्या धातूपेक्षा जास्तच गुळगुळीत होती, आणि त्यावर ग्राइंडरच्या बारीक रेघा. बिल मागितलं तर म्हणाला, “साधं बिल देतो की, नंबर काय लिहायचा ते तुम्हीच सांगा.” त्याच्याशी वाद न घालता मी निघून आलो. जी१३चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो, त्यामुळे आधीच्या मालकाने कधी गरम करून ठेवलं असेल तर त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. पण ती भीती नंतरची. चोरीच्या गाडीचं इंजिन आपल्या बॉनेटखाली नको, एवढं पुरेसं होतं.

मग आरटीओचा रस्ता नीट समजून घेतला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलल्याची नोंद करून घेण्याची सोय आहे, पण ती तशाच इंजिनासाठी सोपी: आधी परवानगी, मग नव्या इंजिनाचं बिल, मग तपासणी. माझ्या आरसीवर ९७० सीसी लिहिलंय. तिथे १२९८ सीसीचं इंजिन म्हणजे नुसता नंबर नाही, क्षमताही बदलते. एका एजंटने “होऊन जाईल हो” म्हणून सांगितलं. कसं, ते काही सांगितलं नाही. आणि विमा कंपनीला न कळवता चालवायची म्हटलं, तर अपघातानंतर तिने हात वर केले तर बोलायला तोंड राहत नाही. किंगचा विचार तिथेच संपला. बाकीची कारणं नंतर जोडली गेली असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही.

जुना ब्लॉक ठेवला की इंजिन नंबर तोच राहतो, हा त्या लोखंडाचा मोठा गुण. म्हणून इंजिन उतरवलं.

हेड काढल्यावर मामांनी तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन ब्लेडने खरवडायला सुरुवात केली. काळा थर निघाला, खाली राखाडी धातू, आणि कडेला ठोकलेले आकडे: ०.५०. मामा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. “इंजिन म्हातारं न्हाई, दादा, कुणीतरी आधीच खाल्लंय त्याला.” या इंजिनाचं मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५.५ मिलिमीटर. कंपनीचे ओव्हरसाइझ, म्हणजे तेवढ्याने मोठे, पिस्टन ०.२५ आणि ०.५०चे मिळतात. म्हणजे आमच्या आधीच्या मालकाने शेवटचा साइझ वापरून टाकला होता आणि परत बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठं करायला, जागाच नव्हती. साधं ‘हाफ इंजिन काम’ इथे शक्य नव्हतं.

उपाय स्लीव्हचा. या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असल्यामुळे ते जमतं. बोअर मोठं करून त्यात स्लीव्ह, म्हणजे पातळ नळीसारखा लायनर, दाबून बसवायचा आणि आतून पुन्हा मूळ ६५.५वर आणायचं, म्हणजे स्टँडर्ड पिस्टन चालतात. हे काम कुणाकडेही टाकण्यासारखं नाही. आपलं सुदैव असं की कोल्हापूरचं उद्यमनगर शेतीच्या ऑइल इंजिनांवर मोठं झालेलं. बोअरिंग मशीनवरचे काका ब्लॉक हातात घेताच आधी वरची पातळी तपासत होते. त्यांनी बोअर गेज तिसऱ्या सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली असं फिरवून मला काटा दाखवला. वरच्या भागात, जिथे रिंग वळते, तिथे झीज सर्वांत जास्त. स्लीव्ह दाबल्यावर पिस्टन आधी हातात द्यायचा, प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्याच सिलिंडरला तीस-चाळीस मायक्रॉन फट ठेवायची आणि शेवटी होनिंगच्या (ऑइल धरून ठेवणाऱ्या घासकामाच्या) तिरक्या रेघा मारायच्या, हा त्यांचा हट्ट. बाजारातले सगळे पिस्टन सारखे असतात यावर त्यांचा विश्वास नाही. माझाही राहिला नाही.

क्रँकशाफ्ट घासून ०.२५ने बारीक (अंडरसाइझ) केला. हेडला नवे व्हॉल्व गाइड, सील, हलका फेस. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑइल पंप नवे. क्लच प्लेट-प्रेशरही बदलून घेतलं, कारण इंजिन बाहेर असताना त्याची वेगळी मजुरी पडत नाही. कार्ब्युरेटर मूळचाच ठेवला. फक्त आता पंपावर सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि १९९५च्या रबराला ते मानवत नाही, म्हणून सगळे पेट्रोल पाइप आणि कार्ब्युरेटरचं किट बदललं. इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, तेव्हा मामांनी पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर वरचा घातला.

सगळं मिळून ६२ हजारांच्या आसपास गेले. किंगचं इंजिन, गिअरबॉक्स, बसवणी धरली असती तर दीड लाखाच्या खाली निभावलं नसतं, आणि ते सुद्धा नंबर सरळ असता तर.

रनिंग-इनला मामांनी पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर जाऊ दिलं नाही आणि एकाच वेगात ताणूही दिलं नाही. पहिलं ऑइल लवकर काढलं, त्यात होनिंगची बारीक चकाकी दिसत होती. तसं होतंच. पीयूसीला आमच्या काळातल्या गाड्यांची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के, आमचा १.४ आला. तपासणीला आरटीओ निरीक्षकांनी चॅसिस आणि इंजिन नंबर पेन्सिलने छापून घेतला, आरसीशी ताडून पाहिला आणि लाइट लावायला सांगितले. डावा इंडिकेटर लागला नाही. तिथेच होल्डर घासून तो चालू केला आणि शिक्का मिळाला.

गाडी वेगवान झाली का? नाही. घाटात बस मागे असली की अजूनही बाजूला घ्यावी लागते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर मात्र कमी वेळा यावं लागतं, आणि डिपस्टिक दर आठवड्याला पाहायची सवय सुटली आहे. आता दुसरा गिअर टाकताना किरकिरतो, गिअर सहज बसवणारा सिंक्रो गेलाय. मामा म्हणतात ते काम पावसाळ्याआधी करू.