तुम्ही विचारलंत म्हणून: सिवॉनीचे सहा दिवस

‘सहा दिवसांत पाच सामने, तेही एकही गुण न देता? थापा आहेत हो. नाहीतर समोरचे संघ दुबळे असणार.’ अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या दिवसांबद्दल चार ओळी लिहिल्या की हा प्रश्न येतोच. तेव्हा एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

थापा नाहीत. 1899 चा नोव्हेंबर, टेनेसीतल्या डोंगरावरच्या सिवॉनी विद्यापीठाचा संघ. समोरचेही सगळे विद्यापीठांचेच. 9 तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सासवर 12-0, 10 ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमवर 10-0, 11 ला न्यू ऑर्लीन्सला टुलेनवर 23-0. 12 ला रविवार, म्हणून सुट्टी. 13 ला बॅटन रूजमध्ये एलएसयूवर (लुइझियाना स्टेट) 34-0 आणि 14 ला मेम्फिसमध्ये ओल मिसवर (मिसिसिपी विद्यापीठ) 12-0. प्रवास जवळपास 2,500 मैलांचा, सगळा आगगाडीनं. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लीन्स साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे आणि मध्ये एकच रात्र. झोप काय ती डब्यातच.

दौऱ्यामागे पराक्रमाची हौस कमी, पैशाची निकड जास्त. गेटच्या उत्पन्नावरून टेनेसीतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी बिनसलं, तो सामना गेला आणि त्याची कमाईही गेली. ती भरून काढायला व्यवस्थापक ल्यूक ली यांनी हे वेळापत्रक जुळवलं. आज एखाद्या प्रशिक्षकानं असं काही आखलं तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील.

आता ‘दुबळे’ म्हणण्याआधी नियम बघा. तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन खेळ्यांत, चेंडू पाच यार्ड पुढे काढायचा. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हातानं पुढे फेकणं, 1906 पर्यंत नव्हताच, त्यामुळे सगळा खेळ धक्काबुक्कीचा. चेंडूवाल्याला त्याचेच सोबती ढकलत, ओढत पुढे नेत. बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसे, म्हणून दुखलं तरी माणूस मैदान सोडायचा नाही. थकवा असा दुपटीनं साचायचा. हाफची लांबी कर्णधारांच्या संमतीनं कमी करता येई, हे मात्र मान्य करतो. तेवढी सूट त्या काळच्या सगळ्यांनाच होती.

आणि तरीही हंगामाचा खरा सामना या पाचांत नाही. तो 30 नोव्हेंबरला मॉन्टगमेरीत ऑबर्नशी झाला. ऑबर्नचे प्रशिक्षक जॉन हाइजमन, ज्यांच्या नावाची ट्रॉफी आज अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला देतात. त्यांचा संघ एक खेळी संपते न संपते तोच पुढची सुरू करायचा, समोरच्याला दम घ्यायला फुरसत नाही. संपूर्ण हंगामात सिवॉनीवर गुण मिळवणारा हा एकच संघ. निकाल सिवॉनी 11, ऑबर्न 10.

हा आकडा नीट उलगडा. टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवणं) 5 गुणांचं, फील्ड गोलही (चालू खेळात लाथेनं चेंडू खांबांमधून धाडणं) 5 चा, टचडाउननंतरची किक 1 ची. म्हणजे दोघांनीही पाच-पाचाची दोन खाती भरली आणि फरक पडला एका किकचा. ही किक आजच्यासारखी गोलसमोरून नसे. चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची. कोपऱ्यात टचडाउन केलंत तर कोन इतका तिरपा की खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसावेत. त्यावर उपाय पंट-आउट: एकानं गोलरेषेवरून मैदानात पंट (हातातून सोडलेल्या चेंडूला लाथ) मारायचा, दुसऱ्यानं तो फेअर कॅच करायचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या अडथळ्याशिवाय झेलायचा, आणि तिथून किक. झेल सुटला की संधी गेली. एवढ्याशा भानगडीवर हंगाम लटकलेला. हाइजमन यांनी पंचगिरीबद्दल वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली. ऑबर्नची माणसं आजही ती उकरून काढतात. काढू देत. मीही कधी म्हणतो की 11-10 म्हणजे निखळ विजय, आणि कधी मलाच विचारावंसं वाटतं, दुसरा पंच असता तर?

अपराजित हंगाम, 12 विजय, एकूण गुण 322 विरुद्ध 10. यात कंबरलँडवरचे 71 आहेत, ते फुगीर आहेत, घ्या. पण ते वजा केले तरी 251 उरतात आणि समोरचे 10 तसेच राहतात. याच विद्यापीठाचा संघ पुढे एसईसी या दक्षिणेतल्या विद्यापीठांच्या साखळीत 37 सामने खेळला आणि एकही जिंकला नाही, हेही मला वारंवार ऐकवलं जातं. तो 1930 च्या दशकातला हिशेब आहे, 1899 वर का लावता?

ऑबर्ननंतर दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी गाठ होती. तोही 5-0 असा निसटता जिंकला. त्याबद्दल मात्र मला अजून कुणी काही विचारलेलं नाही.