माहीत नसणे आणि माहीत करून न घेणे

शिक्षण संपल्यानंतर दीड वर्ष मी एका लहान लॉजच्या काउंटरवर रात्रपाळी करत असे. तिथली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली सलग ११ दिवस एकाच माणसाच्या नावावर होती. तो रोजचे भाडे रोज सकाळी रोखीने देई, खोली झाडायला कोणालाही आत येऊ देत नसे, आणि रात्री दहानंतर त्याच्याकडे माणसे येत. ती एकेकटी येत, त्यांच्या हातात सामान नसे, आणि वर गेलेला माणूस चार-पाच मिनिटांत खाली येई. एका रात्री मी पाहुण्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने रेघा मारत बसलो. पहाटे चारपर्यंत २३ रेघा झाल्या. सकाळी खोल्या आवरणाऱ्या मावशींनी जिन्याच्या कोपऱ्यात सापडलेले, नखाएवढे दोन रिकामे प्लॅस्टिकचे पाऊच आणून माझ्यासमोर ठेवले. मी मालकांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "भाडं वेळेवर येतंय ना? मग आत काय चालतं ते आपल्याला माहीत नाही. आणि वहीत भलतंसलतं काही लिहू नकोस." मी रेघा खोडून टाकल्या.

त्यानंतर दोनच रात्रींनी, वर जाऊन आलेला एक विशीतला मुलगा उतरताना जिन्यात कोसळला. त्याचे ओठ निळे पडले होते आणि श्वास घरघरत मध्येच थांबत होता. रुग्णवाहिका वेळेत पोहोचली म्हणून तो वाचला. पोलिसांनी विचारले तेव्हा मालक म्हणाले, "आम्हाला काहीच माहीत नव्हतं." मीही मान हलवली.

आमचे ते वाक्य खोटे होते. पण हेच वाक्य अगदी खरेपणाने म्हणणारे व्यावसायिकही असतात, आणि आपल्या जागेत चालणाऱ्या अमली पदार्थांच्या व्यवहाराला जागा चालवणारा कितपत जबाबदार, या विषयात या दोघांना एकमेकांपासून वेगळे कसे काढायचे हाच सर्वांत अवघड प्रश्न आहे. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम २५ सांगते की, जागेचा मालक, ताबेदार किंवा तिच्यावर नियंत्रण असलेली व्यक्ती जाणूनबुजून ती जागा अमली पदार्थांच्या गुन्ह्यासाठी वापरू देत असेल, तर तिला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. ब्रिटनच्या १९७१ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ८ देखील जागा चालवणाऱ्याला याच धर्तीवर जबाबदार धरते. सगळा भार 'जाणूनबुजून' या एका शब्दावर आहे.

तो शब्द नसला तर काय होते, याचे उदाहरण त्याच ब्रिटनमध्ये त्याआधी घडले होते. एका शिक्षिकेने आपल्या ताब्यातील शेतघर भाड्याने दिले होते आणि ती स्वतः तिथे अधूनमधून, मुख्यतः भाडे घ्यायला जात असे. तिच्या माघारी भाडेकरूंनी तिथे गांजा ओढला. तिला त्याची कल्पनाही नव्हती, तरी तेव्हाच्या कायद्यात जाणिवेचा स्पष्ट उल्लेख नसल्यामुळे खालच्या न्यायालयाने तिला दोषी ठरवले. शेवटी हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तिची निर्दोष मुक्तता केली. निकालाचा गाभा असा होता की, ज्याच्या मनात गुन्हा नाही त्याला गुन्हेगार ठरवायचे असेल, तर तसे कायद्याने स्पष्ट शब्दांत म्हटलेले असले पाहिजे. 'स्वीट विरुद्ध पार्सली' या नावाने ओळखला जाणारा हा निकाल मला मनापासून पटतो.

पण जाणीव म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहणे नव्हे. रोखीने भाडे देणारा माणूस संशयास्पद नसतो, खोली झाडू न देणारा आजारी असू शकतो आणि रात्री कोणाकडेही पाहुणे येऊ शकतात. या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत, रोज, ठरावीक वेळी घडू लागल्या आणि जिन्यात पाऊच सापडले की मात्र विचारपूस न करणे हा एक निर्णय होतो, आणि तो निर्णय घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणण्याचा हक्क उरत नाही. आमच्या मालकांनी मला वहीत काही लिहू नकोस म्हणून सांगितले, यातच त्यांना सगळे कळले होते याचा पुरावा आहे, असे मी आज मानतो.

मग जाणीव झाल्यावर नेमके किती करायचे? केंब्रिजमधील विंटरकम्फर्ट या बेघरांसाठीच्या केंद्राचे प्रकरण मी अनेकदा वाचले आहे, कारण त्यात कोणतीही बाजू सोपी नाही. आवारात हेरॉइनची विक्री होत होती. केंद्राच्या संचालक रूथ वायनर आणि व्यवस्थापक जॉन ब्रॉक यांनी विक्री करणाऱ्यांना केंद्रात येण्यास बंदी केली होती, पण बंदी घातलेल्यांची नावे पोलिसांना देण्यास त्यांनी गोपनीयतेच्या धोरणामुळे नकार दिला. १९९९ मध्ये त्यांना अनुक्रमे ५ आणि ४ वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने त्यांची सुटका केली, शिक्षा कमी झाली, परंतु दोषसिद्धी कायम राहिली. न्यायालयाचे म्हणणे असे की, उपाय वाजवी होते की नाही हे जागा चालवणाऱ्याच्या स्वतःच्या समजुतीवरून ठरत नाही. हे तत्त्व मला योग्य वाटते, अन्यथा प्रत्येक जण आपण पुरेसे केले असे स्वतःच ठरवून मोकळा होईल. ती शिक्षा मात्र मला आजही अन्यायकारक वाटते. ज्यांना दुसरे कोणी दारात उभे करत नाही अशा माणसांना आसरा देणारे केंद्र आणि भाड्यासाठी डोळे मिटणारा लॉजमालक यांना एका तागडीत तोलता येत नाही.

उलट टोकाचे प्रकरण अमेरिकेतले आहे. मॅसॅच्युसेट्समधील ट्यूक्सबरी येथील मोटेल कॅसवेल हे एका कुटुंबाने अनेक दशके चालवलेले मोटेल सरकारने जप्त करायला घेतले, कारण तिथे पाहुण्यांकडून अमली पदार्थांचे गुन्हे घडले होते. १९९४ ते २००८ या काळात अशा सुमारे १५ घटना घडल्या होत्या, आणि त्याच काळात तिथे जवळजवळ दोन लाख वेळा खोल्या भाड्याने दिल्या गेल्या होत्या. मालकावर कोणताही आरोप नव्हता. २०१३ मध्ये न्यायालयाने जप्तीची मागणी फेटाळली. अशा जप्तीतून येणाऱ्या रकमेचा मोठा वाटा स्थानिक पोलिसांकडे जाऊ शकत होता, हे लक्षात घेतले की मला विशेष अस्वस्थ वाटते. ज्याला जप्तीतून पैसा मिळणार आहे, त्याच्याच हाती मालकाची जबाबदारी मोजण्याचे माप देऊ नये.

याहून गंभीर एक गोष्ट आहे, जिच्याकडे कडक कायद्याची मागणी करणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते. काही ठिकाणी एखाद्या जागेवरून पोलिसांना किती वेळा फोन गेले, यावरून ती जागा उपद्रवी ठरवली जाते. पेनसिल्व्हेनियातील नॉरिसटाउन येथे असा नियम होता, आणि वारंवार पोलीस आले तर भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी घरमालकावर दबाव येत असे. २०१२ मध्ये तिथली एक स्त्री, घर जाईल या भीतीने, मारहाण होत असतानाही पोलिसांना फोन करायला कचरली आणि गंभीर जखमी झाली. नंतर तो नियम रद्द करावा लागला. मदत मागणे हाच पुरावा म्हणून अंगावर येणार असेल, तर प्रामाणिक मालकही फोन उचलणार नाही.

गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क आणि जॉन एक यांनी २००७ मध्ये दाखवून दिलेली एक गोष्ट इथे उपयोगी आहे. एकाच प्रकारच्या व्यवसायांत, मग ती मोटेल असोत, मद्यालये असोत किंवा दुकाने, बहुतांश गुन्हे थोड्याच ठिकाणी साचलेले असतात. त्याचे कारण अनेकदा जागा कशी चालवली जाते यात असते : कोणाला खोली द्यायची, ओळखपत्र नीट पाहायचे की नाही, मागचे दार उघडे ठेवायचे की कुलूप लावायचे, जिन्यातला दिवा गेला तर तो कधी बदलायचा. म्हणून वस्ती वाईट आहे ही सबब मला ऐकवत नाही. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या लॉजमध्ये तसे घडत नसेल, तर प्रश्न व्यवस्थापनाला विचारला गेला पाहिजे.

आणि व्यवस्थापन म्हणजे एकटा मालक नव्हे. पाहणारे डोळे जवळजवळ नेहमीच सर्वांत कमी पगाराच्या माणसाचे असतात : काउंटरवरचा मुलगा, खोल्या आवरणाऱ्या मावशी, फाटकावरचा पहारेकरी. त्यांनी पाहिलेले वर सांगितले तर नोकरी जाते आणि न सांगितले तर चौकशीत त्यांचेच नाव पुढे येते. मालकाची जबाबदारी खऱ्या अर्थाने तपासायची असेल, तर नोकराने संशय कोणाला कळवायचा हे लेखी ठरलेले होते का, कळवल्याची नोंद जपली गेली का, आणि कळवणाऱ्याची नोकरी टिकली का, हे आधी पाहिले पाहिजे. मी आणि मावशींनी स्वतःहून त्या खोलीचे दार ठोठावावे अशी अपेक्षा कोणीही करू नये. ते धोक्याचे आहे आणि ते काम पोलिसांचेच आहे.

आमच्या काउंटरमागे, आग लागल्यास काय करायचे याचा फलक काचेच्या चौकटीत लावलेला होता. त्यावर क्रमाने पाच सूचना होत्या, खाली फोन नंबर होता आणि दर वर्षी कोणीतरी येऊन तो तपासून जात असे. जिन्यात पाऊच सापडले तर काय करायचे, याबद्दल एक ओळही कुठे नव्हती. मावशी थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबल्या, आणि मी ते दोन्ही पाऊच त्यांच्यासमोरच कचऱ्याच्या डब्यात टाकले.